सातशे तेवीस नंबरचा तुकडा

आजोबांचं घड्याळ माझ्याच हातून पडलं. कपाट आवरत होते, डबी उघडली आणि निसटलं ते थेट लादीवर. काचेला ओरखडासुद्धा नाही, पण कानाला लावलं तर टिकटिक बंद. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं हातात घेऊन चावी थोडी फिरवून बघितली आणि परत डबीत ठेवलं, त्याचंच मला जास्त लागलं. आजोबा गोदीत परमनंट झाले तेव्हा, म्हणजे १९५६ साली, घेतलेलं घड्याळ आहे ते. सहाच्या जागी छोटासा वेगळा सेकंद काटा, आणि डायलच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात स्विस मेड.

आधी एका मॉलमधल्या सर्व्हिस सेंटरला गेले. दादाचं घड्याळही सोबत घेतलं होतं, सहा वर्षांपूर्वी त्यानं घेतलेलं ऑटोमॅटिक, तेही स्विस, पण दिवसभर हातात घालूनही चावी भरत नव्हती, रात्री काढून ठेवलं की पहाटे बंद. काउंटरवरच्या मुलानं आजोबांच्या घड्याळाचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं की एवढ्या जुन्या मॉडेलला सपोर्ट नाही, हवं तर स्वित्झर्लंडला पाठवू, एस्टिमेट तिकडून येईल, सहा-आठ महिने धरून चाला. आणि दादाच्या घड्याळाला म्हणे पूर्ण मशीनच बदलावं लागेल, पैसे किती तर घड्याळाच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश. मी दोन्ही परत पर्समध्ये टाकली आणि गिरगावात आमच्या जुन्या घड्याळवाल्या काकांकडे गेले.

काकांचं दुकान म्हणजे चाळीच्या जिन्याखालची जागा, एक माणूस जेमतेम बसेल एवढी. त्यांनी डोळ्याला काच लावली, झाकण उघडलं आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "स्टाफ गेला. इकडे ये, तूच बघ." मी काच लावून बघितलं तर बॅलन्सचं चाक, जे मागेपुढे झुलून ठोके देतं, ते एका बाजूला कललं होतं. चाकाच्या मधोमध जो आस असतो तो बॅलन्स स्टाफ, त्याची दोन्ही टोकं एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाडीची, त्यातलं एक मोडलं होतं. या घड्याळात शॉकप्रूफची सोय नाही, त्यामुळे पडलं की पहिलं तेच जातं. मग म्हणाले, "आता चाकाखाली प्लेटवर काय लिहिलंय ते वाच." खूप वेळ शोधल्यावर दिसलं, ए आणि एस अशी दोन अक्षरं आणि खाली ११३०. "डायलवरचं नाव सोड," काका म्हणाले, "मशीन ए. शिल्डचं आहे. याचा स्टाफ असेल माझ्याकडे."

मला हे नावच माहीत नव्हतं. मग घरी येऊन वाचत बसले, दोन आठवडे दुसरं काही वाचलंच नाही असं म्हटलं तरी चालेल, आणि जे कळलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आपल्याला वाटतं घड्याळावर ज्याचं नाव त्यानंच ते बनवलं. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक वेळा तसं नव्हतं. काटे एक जण बनवणार, डायल दुसरा, केस म्हणजे बाहेरची धातूची पेटी तिसरा, बॅलन्सचं चाक झुलवणारी बारीक हेअरस्प्रिंग चौथा, आणि कच्चं मशीन, ज्याला तिकडे एबोश म्हणतात, ते ए. शिल्डसारखे मोठे कारखाने बनवणार. ग्रेंचन नावाच्या गावात १८९६ साली अडॉल्फ शिल्डनं हा कारखाना काढला. ब्रँडवाला हे सगळं विकत घेऊन जुळवायचा, वेळ बरोबर लावायचा आणि आपलं नाव घालायचा. म्हणजे आजोबांच्या घड्याळासारखंच मशीन तेव्हा कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या घड्याळात असणार.

पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली तशी स्विस लोकांची पंचाईत झाली. कारखाने सुटे भाग न जुळवताच परदेशात विकायला लागले, जिथे घड्याळांवर जास्त ड्युटी असायची तिथे नेऊन ते जुळवायचे आणि स्वस्तात विकायचे, आणि एकमेकांचे भाव पाडून सगळेच बुडायला आले. मग १९२६ मध्ये ए. शिल्ड, फॉन्टेनमेलोनचा कारखाना आणि ए. मिशेल हे तिघं एकत्र आले आणि एबोश एसए ही कंपनी झाली. १९३१ मध्ये बँका आणि खुद्द स्विस सरकारनं पैसे घालून त्याच्याही वर आसुआग नावाची होल्डिंग कंपनी उभी केली, तिनं एबोश एसए आणि बाकीचे भाग बनवणारे एकेक करून ताब्यात घेतले. १९३४ पासून सरकारी नियमच आले, नवा कारखाना काढायचा, असलेला वाढवायचा तर परवानगी, सुटे भाग बाहेर पाठवायचे तर परवानगी. सरळ सांगायचं तर सरकारी आशीर्वादानं चाललेली मक्तेदारी होती ती.

पण याच एकत्र येण्यातून एक गोष्ट अशी झाली की जिचा फायदा गिरगावातल्या जिन्याखाली आजही होतो. त्यांनी दुरुस्तीच्या भागांना सगळ्यांसाठी एकच नंबर दिले. कुठलंही मशीन घ्या, चावीचा दांडा म्हणजे ४०१, चावी दिली की गुंडाळली जाते ती मेनस्प्रिंग म्हणजे ७७०, बॅलन्स स्टाफ म्हणजे ७२३. मशीनचा नंबर सांगा, भागाचा नंबर सांगा, जगात कुठेही तोच तुकडा मिळणार. मशीनचा नंबरही प्लेटवरच कोरलेला. मुंबईतल्या दुरुस्तीवाल्याला फ्रेंच यायला नको की जर्मन यायला नको, नंबर वाचता आला की झालं.

काकांकडे या नंबरांचे पत्र्याचे डबे आहेत, एकावर एक, काही त्यांच्या वडिलांच्या वेळचे. बरेचसे अब्दुल रहमान स्ट्रीटवरनं आलेले, तिथे एखादं जुनं दुकान बंद झालं की त्याचा सगळा स्टॉक किलोच्या भावानं निघायचा आणि काका पिशवी घेऊन जायचे. त्यांनी तिसऱ्या की चौथ्या डब्यातनं एक कागदाची पुडी काढली, वर निळ्या शाईत फक्त ११३० आणि ७२३. आत तीन स्टाफ होते, तिळापेक्षाही बारीक, तेलकट कागदात. एक घेतला, दोन परत ठेवले.

मग तीन वाजल्यापासनं मी तिथेच स्टुलावर बसून बघत होते. हेअरस्प्रिंग अलगद सोडवून वेगळी ठेवली. जुना स्टाफ चाकात रिव्हेट करून बसवलेला असतो, तो काढताना चाकाला धक्का लागता कामा नये, म्हणून एक उभं छोटं यंत्र असतं, स्टेकिंग सेट, त्यात चाक धरून बारीक पंचनं जुना स्टाफ खाली पाडला आणि नवा बसवून वरनं हळूहळू ठोकला. पंखा बंद. घामाचा थेंब नाकावर आला की रुमालानं टिपायचा आणि परत वाकायचं. चाक चिमट्यात धरून फिरवून बघितलं, कुठे डगमगतंय का, मग परत थोडं सरळ केलं. साडेपाचच्या सुमारास त्यांनी चाक जागेवर ठेवलं, त्याला वरनं धरणारी पट्टी, म्हणजे पूल, बसवला, स्क्रू अर्धा फिरवला आणि काही न करता ते आपोआप हलायला लागलं. सेकंदाला पाच ठोके. मी बाबांना लगेच फोन लावून रिसीव्हर घड्याळाजवळ धरला.

आता दादाचं घड्याळ. तेही काकांनी उघडलं, वरचं फिरणारं वजन काढलं आणि बिघाड तेवढ्याच वेळात दाखवला, वजनाची फिरती चावी भरण्याकडे नेणारं एक छोटं चाक असतं, रिव्हर्सर, ते झिजलंय. चाक बदललं की घड्याळ ठीक. पण ते चाक मिळत नाही. कंपनी ते फक्त स्वतःच्या सर्व्हिस सेंटरला देते, आणि तिथे ते चाक बदलत नाहीत, मशीन बदलतात. काका म्हणाले, "साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं मी बसवून देतो, सहा वर्षांपूर्वीचं नाही देऊ शकत." हे ते तक्रारीच्या सुरातही नाही म्हणाले, हवामान सांगावं तसं म्हणाले, आणि मला मात्र ते अजून पचलेलं नाही.

हे कसं झालं ते बघायला गेलं तर परत त्याच कंपन्या भेटतात. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेइकोनं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातल्या सुमारे ९० हजार नोकऱ्यांच्या साधारण ३० हजार राहिल्या. गावंच्या गावं रिकामी झाली, गिरणगावाचं जे झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एबोश एसएमधले जुने कारखाने एकेक करून ईटीए या कंपनीत मिसळले, ए. शिल्डसुद्धा. १९८३ मध्ये बँकांनी आसुआग आणि ओमेगा-टिसॉटवाली एसएसआयएच यांचं विलीनीकरण केलं, सल्लागार होते निकोलस हायेक. त्याच वर्षी ५१ भागांचं प्लास्टिकचं स्वॉच आलं, आणि पुढे त्या समूहाचंच नाव स्वॉच ग्रुप झालं. हायेकनी हा धंदा वाचवला हे मी मनापासून मानते. पण वाचवताना झालं असं की इतर ब्रँडांना लागणारी मशीनं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हेअरस्प्रिंग, हे सगळं एकाच घरात आलं. मशीनं बनवणारी ईटीए त्यांची आणि हेअरस्प्रिंग बनवणारी निवारॉक्सही त्यांचीच.

हेअरस्प्रिंगबद्दल थोडं सांगायलाच हवं. उन्हाळ्यात स्प्रिंगचा ताठपणा कमी होतो, ती सैल पडते, घड्याळ मागे पडतं. शार्ल गियोम नावाच्या स्विस शास्त्रज्ञाला १९२० चं फिजिक्सचं नोबेल मिळालं ते निकेल-पोलादाच्या असल्याच मिश्रधातूंच्या कामासाठी. त्यापुढे जाऊन राइनहार्ड श्ट्राउमान यांनी १९३० च्या दशकात निवारॉक्स याच नावाचा मिश्रधातू काढला, ज्याच्यावर तापमानाचा परिणाम जवळजवळ होत नाही आणि गंजही चढत नाही. तो वितळवणं, केसाहून बारीक तार ओढणं, चपटी करणं, गुंडाळणं, हे जमायला वर्षं जातात, म्हणून कुणीही उठून उद्यापासून हेअरस्प्रिंग बनवू शकत नाही. मशीनच्या नकला निघाल्या, जुन्या ईटीए मशीनांचं पेटंट संपल्यावर सेलिटासारख्या कंपन्या तशीच मशीनं बनवायला लागल्या. स्प्रिंगचं तसं सहज होत नाही.

२००२ मध्ये स्वॉच ग्रुपनं जाहीर केलं की बाहेरच्यांना कच्ची मशीनं देणं आम्ही बंद करत आणणार. त्यांचं म्हणणं, कारखान्यात पैसा आम्ही घालायचा आणि बाकीच्यांनी जाहिरातीत घालायचा, हे किती दिवस चालायचं. यात तथ्य आहेच. स्वित्झर्लंडच्या स्पर्धा आयोगानं मध्ये पडून ते लांबवलं, २०१३ च्या करारात मशीनांचा पुरवठा टप्प्याटप्प्यानं कमी करायला परवानगी दिली, आधी पूर्वीच्या पुरवठ्याच्या ७५ टक्के, मग ६५, मग ५५, पण निवारॉक्सचे भाग कमी करायला परवानगी दिली नाही, कारण त्याला तेव्हा पर्यायच नव्हता. २०२० मध्ये मशीनांवरचं बंधन संपलं.

आणि या वीस वर्षांत बाकीचे घाबरून आपापला कारखाना शोधायला लागले. रोलेक्सनं २००४ मध्ये आपली मशीनं बनवणारी बीलची एग्लर कंपनीच घेऊन टाकली. रिशमॉन्ट या लक्झरी ब्रँडांच्या समूहानं २००७ मध्ये केस बनवणारी डोन्झे-बोम. एर्मेस या फ्रेंच ब्रँडनं मशीनं बनवणाऱ्या व्होशेमध्ये पाव हिस्सा घेतला, मग डायलवाले नाटेबर, मग केसवाले जोसेफ एरार. जे छोटे कुठल्याच ब्रँडकडे गेले नाहीत त्यातले बरेच आक्रोटेक नावाच्या समूहात गेले, आणि २०२१ मध्ये त्यातला मोठा हिस्सा कार्लाइल या अमेरिकन फंडानं घेतला. स्क्रू, स्प्रिंगा, शॉकप्रूफचे भाग बनवणारे कारखाने एका फंडाच्या हातात. पिढ्यानपिढ्या एकाच कुटुंबानं चालवलेल्या कारखान्याला घ्यायला पुढची पिढी नसेल तर मालक काय करणार, विकणारच, त्यांना मी दोष देत नाही.

यात आपलाही एक हात आहे याचा मला फार आनंद झाला. डायल आणि काटे बनवून स्विस कंपन्यांना पुरवणारी, हिमाचलमधल्या परवाणूची केडीडीएल, तिनं काही वर्षांपूर्वी एस्टिमा नावाची काटे बनवणारी स्विस कंपनी विकत घेतली. कुठल्या गावची तर ग्रेंचन. तेच शिल्डचं गाव.

माझा राग एकत्र येण्यावर नाहीच. १९२६ मध्येही ते एकत्रच आले होते, आणि तरी त्यांचा तुकडा पुडीत बांधून मुंबईपर्यंत आला. आता जे एकत्र येतायत ते दार आतून लावून घेतायत. युरोपातल्या दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेनं सुट्या भागांवरून २००४ मध्ये युरोपियन कमिशनकडे तक्रार केली होती, कमिशननं ती फेटाळली, २०१० मध्ये कोर्टानं कमिशनचा निर्णय रद्द केला, कमिशननं परत फेटाळली आणि २०१७ मध्ये कोर्टानं ते मान्य केलं. तेरा वर्षं. काकांसारखी माणसं तेरा वर्षं कुठे थांबणार, त्यांचा मुलगा आधीच मोबाईल रिपेअरिंगमध्ये गेलाय.

आजोबांचं घड्याळ बाबा आता रोज रात्री जेवण झालं की चावी देतात. दादाचं काकांच्या ड्रॉवरमध्ये आहे, मशीनचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांनी आरशाच्या कडेला खोचलाय. काका म्हणतात त्याच मशीनचं एखादं मोडकं, पाणी गेलेलं घड्याळ मिळालं तर त्यातलं चाक काढून बसवता येईल, फक्त ते चाक शाबूत हवं. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे असं बंद पडलेलं स्विस ऑटोमॅटिक धूळ खात पडलं असेल तर मला कळवा, नंबर सांगते, जुळला तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन, मुंबईत कुठेही.