बैलजोडीचं कॅलेंडर

परवा दुपारी जेवून पंख्याखाली जरा आडवा झालो तर पुतण्याचा व्हॉट्सॲप, काका, शाळेत वंशावळ करून मागितली आहे, आजोबांची जन्मतारीख पाठवा. त्याचे आजोबा म्हणजे माझे बाबा. तारीख काय, पाठच आहे, १ जुलै १९४८. आमच्या गावात त्या वयाच्या अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जुलैच आहे, साल तेवढं वेगळं. पोरगं शाळेत आणलं की मास्तर डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायला लावायचे, कान हाती लागला की वय झालं, तारीख मास्तरच्या मर्जीची. आजीचा, म्हणजे बाबांच्या आईचा, हिशोब वेगळा होता. "गांधीबाबा गेले त्याच साली, पोळ्याच्या करीले झाला बाप्पा तो." म्हणजे सप्टेंबर लागला होता. मी १ जुलैच पाठवली, शाळेशी कोण वाद घालणार.

पण झोप गेली ती गेलीच. बाबांचं कुठलंच साल आमच्या घरात साल म्हणून सांगितलं जात नाही. आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या बाजूला, बाबा जन्मले तेव्हा ते मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं, १९५० ला मध्य प्रदेशात गेलं, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे वयाची बारा वर्षं भरायच्या आत माणूस चार राज्यांत राहिला आणि घराचा उंबरठा तोच, वावर तेच. आजीला यातलं एकही राज्य आठवत नव्हतं. आत्या सगळं लग्नांवरून सांगते, त्यातही बाबांची वरात शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरकडं गेली होती हे दर वेळी, आणि गाडी इतकी हळू की पोट्टे उतरून बोरं तोडून परत डब्यात चढले. ते कोळशाचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं म्हणून मीही पाहिलेलं आहे, बोरांचं खरंच असावं. आई बाळंतपणांवरून सांगते, तिथं आपण गप्पच बसावं.

आणि बाबा बैलांवरून. एच-४ चा हायब्रीड कापूस पहिल्यांदा पेरला तेव्हा लाल्या-मोऱ्या होते. बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या तेव्हाही तेच, पण मोऱ्या खंगला होता. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीत कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घेऊन जिनिंगवर रात्रभर लाइनीत, जुवाखाली झोपायचं, ते चांद्या-बांड्याचं राज्य. मी मॅट्रिकला नापास झालो ते "चांद्या लंगडला त्या वर्षी", आणि आवाजावरून कळायचं की दुःख नेमकं कशाचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी. लोणी-हळद वाटीत कोमट केलेली, बाबा पळसाचं पान त्यात बुडवून बैलाच्या खांद्यावर फिरवायचे, मग पान टाकून नुसत्या तळव्यानं, जिथं जू घासून कातडी जाड झाली तिथं जास्त वेळ. एरवी हा माणूस आम्हा पोरांच्या डोक्यावरून हात फिरवेल तर शपथ. मग बैलाच्या कानाशी वाकून, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की मी लहानपणी बैल काय उत्तर देतो त्याची वाट पाहत उभा राहायचो. बांड्या शेपटीचा बुडखा हलवायचा, बस. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, मग बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, आणि त्या बोजाऱ्यातले पैसे मागितले की बाबा म्हणायचे ते सालदाराचे आहेत, बे.

बीटी कापूस आल्यानंतर काही वर्षांनी शेवटची जोडी विकली. मी त्या वेळी गावात नव्हतो, फोनवर कळलं, आई म्हणाली व्यापारी चांगला होता. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतोच, चाऱ्याचा भाव पाहता हिशोबही बरोबरच होता, माझंही तेच मत होतं आणि अजूनही आहे. पण त्यानंतरचं काही विचारलं, धाकटीचं लग्न कधी झालं, नवीन बोअर कधी मारला, की बाबा आईकडं पाहायचे. आई सांगायची. तुमचे वडील विसरायला लागले असं डॉक्टर म्हणाले, लागले असतील. जुनं मात्र शेवटपर्यंत सगळं सांगत होते, कोणत्या जोडीनं कोणतं वावर किती दिवसांत वखरलं इथपर्यंत.

गोठ्यात आता माझी मोटरसायकल असते. ती कोणत्या साली घेतली ते आरसीवर पाहावं लागेल.