त्रेब ते बेझिये: कनाल द्यु मिदीवर सहा दिवस

फ्रान्समधील तुलूज शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत जाणाऱ्या २४० किलोमीटर लांबीच्या कनाल द्यु मिदी या कालव्याचे काम १६६६ ते १६८१ अशी पंधरा वर्षे चालले. तो उभारणारा प्येर-पॉल रिके हा मूळचा मिठावरील कर गोळा करणारा अधिकारी, आणि कालवा खुला होण्याच्या काही महिने आधीच तो वारला. आम्ही चौघांनी या कालव्याचा त्रेब ते बेझिये हा सुमारे ९० किलोमीटरचा टप्पा सप्टेंबरमध्ये भाड्याच्या बोटीने, स्वतः बोट चालवत पूर्ण केला. अशा बोटीसाठी फ्रान्समध्ये परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी थोडा वेळ शिकवतात, तेव्हा सुकाणूपेक्षा दोर हाताळण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण त्रेबचे तीन कप्प्यांचे लॉक धक्क्यापासून जवळच आहे आणि तेथेच आमची फजिती झाली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. बोट आत घेऊन दरवाजे लावायचे आणि झडपा उघडून पाण्याची पातळी पुढच्या पातळीइतकी आणायची. आम्ही समुद्राच्या दिशेने, म्हणजे उताराकडे जात होतो. आमच्यापैकी एकाने काठावरच्या खुंटाला दोराची पक्की गाठ मारली. पाणी खाली गेले, बोट मात्र दोराला लटकून कलू लागली आणि रखवालदाराने धावत जाऊन झडपा बंद केल्या, म्हणून निभावले. दोराचा खुंटाला नुसता वेढा द्यावा, मोकळे टोक हातात धरावे आणि पाणी उतरेल तसा दोर सैल सोडत जावे. उलट दिशेने, चढाने जाणाऱ्यांनी एकाला लॉकच्या आधीच काठावर उतरवावे, कारण हौदाच्या तळातून वर दोर फेकणे अवघड असते आणि पुढच्या दरवाजातून येणारे पाणी बोट जोराने मागे ढकलते.

येथील बहुतेक जुने लॉक अंडाकृती आहेत. सुरुवातीला बांधलेल्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्या, तेव्हा कमानीप्रमाणे दाब पेलणाऱ्या वक्र भिंती बांधण्यात आल्या. त्यामुळे बोट भिंतीला सरळ टेकत नाही, तिची टोके हलत राहतात. पुढे आणि मागे एकेक माणूस दोरावर हवाच. दोघांनीच ही सहल करू नये असे नाही, पण चौघे असल्यास भांडणे कमी होतात.

दुपारी जेवणाच्या वेळी लॉक बंद असतात आणि सायंकाळनंतर उघडत नाहीत, तेव्हा दिवसाचा हिशेब किलोमीटरवर नव्हे, लॉकवर मांडावा. पहिल्या दोन दिवसांत आम्हाला एकामागून एक लॉक लागले. आर्जांसनंतर मात्र बेझियेपर्यंत सुमारे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. मुक्कामासाठी या पट्ट्यातील ल सोमाय हे लहानसे गाव मला सर्वांत आवडले. कापेस्तांचा पूल अतिशय बुटका असल्याने छत्री, सायकली आणि उभी माणसे वेळीच खाली घ्यावीत. १६७९ मधला मालपासचा बोगदा सुमारे १६५ मीटरचा असून त्यात दोन बोटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. समोरून येणाऱ्या बोटीचा दिवा दिसत नाही ना हे पाहून आणि भोंगा वाजवूनच आत शिरावे.

काठावरच्या चिनार जातीच्या झाडांना बुरशीचा रोग लागल्याचे २००६ मध्ये आढळले आणि हजारो झाडे तोडावी लागली. चित्रात दिसणारी सावली सगळीकडे मिळत नाही, म्हणून टोपी हवीच. शाकाहारी मंडळींनी मसाले, मूगडाळ आणि तांदूळ बरोबर ठेवावेत. बोटीत गॅसची शेगडी होती आणि गावोगावच्या बाजारात भाजी उत्तम मिळाली.

शेवटी बेझियेजवळ फोंसेरानची लॉकची पायरीमाळ येते: मुळात आठ कप्पे, नऊ दरवाजे, २१.५ मीटरचा उतार. १८५८ मध्ये ओर्ब नदीवर कालव्याचा पूल झाल्यापासून बोटी नदीत न उतरता त्या पुलावरून जातात. येथे चढण्याच्या आणि उतरण्याच्या वेळा वेगवेगळ्या ठरलेल्या असतात व त्या हंगामानुसार बदलतात; म्हणून आदल्या संध्याकाळीच माथ्यावर पोहोचून बोट बांधावी, तेथे लावलेले वेळापत्रक पाहून ठेवावे आणि सकाळी पहिल्याच खेपेत उतरावे.