नाबोथाचं वतन

बुधवार, रात्री उशिरा

दोन दिवस झाले, बायबलातल्या 'पहिलं राजे' या पुस्तकाचा 21वा अध्याय डोक्यातून जात नाही. लहानपणी आजी हा भाग वाचायला लागली की मी अहाबाच्या पलंगापाशीच अडकायचे. एवढा मोठा इस्राएलचा राजा, आणि हवा तो मळा मिळाला नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून, उपाशी पडून राहतो! नाबोथावर धोंडमार होते तिथे आजी चष्मा काढून ठेवायची. जरा वेळ गेला की मग पुढचं वाचायची.

काल एकेक ओळ सावकाश वाचली. अहाबाचं मागणं वरवर रीतसरच आहे. इज्रेलमध्ये त्याच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता, तिथे राजाला भाजी लावायची होती. बदल्यात याहून चांगला मळा देतो म्हणाला, नाहीतर रोख पैसे. त्याच्या बापाने, अम्रीने, शेमेरकडून अख्खी टेकडी दोन किक्कार (हे तेव्हाचं एक मोठं वजन) चांदी मोजून घेतली होती आणि तिच्यावर शोमरोन ही राजधानी वसवली होती. पैसे मोजले की जमीन आपली, हे अहाबाने घरातच पाहिलेलं.

नाबोथाच्या तोंडी अख्ख्या अध्यायात एकच वाक्य आहे. वाडवडिलांचं वतन मी तुला द्यावं, असं परमेश्वर न करो. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, इथे 'वतन' हा शब्द आला आहे, आणि मला तो फार आवडतो. आपल्याकडे वतन म्हटलं की जमिनीबरोबर घराण्याचा मान आणि पिढ्यांचा हक्क आलाच. इस्राएलात त्याला आणखी एक पदर होता. लेवीय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात परमेश्वर सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. कुणी अडचणीत विकलीच, तर पन्नासाव्या, योबेलाच्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणजे नाबोथाचा तो नकार हीच त्याची उपासना होती, असं मला मनापासून वाटतं. वेदी नाही, यज्ञ नाही. वाड्याच्या कुंपणापाशी उभं राहून राजाला नाही म्हणणं, एवढंच.

आणि एक गोष्ट इतक्या वर्षांत कालच लक्षात आली. अहाबाची राणी ईजबेल विचारते, का रुसलात? तेव्हा अहाब सांगतो, तो म्हणाला, माझा मळा मी देणार नाही. परमेश्वराचं नाव गळालं, वाडवडील गळाले. उरला एक हट्टी शेजारी.

पुढचं वाचवत नाही. ईजबेल राजाच्या नावाने पत्रं लिहिते, त्यांवर राजाची मोहर. उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवा, समोर दोन अधम माणसं बसवा, त्यांनी खोटी साक्ष द्यायची की यानं देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. दोनच का? तर मोशेच्या नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात म्हणून! उपासही पाळला, नियमही पाळला, आणि निरपराध माणसाला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचलं. पत्रं अहाबाच्या नावाची, पण काम झाल्याचा निरोप वडीलधाऱ्यांनी पाठवला तो ईजबेलीला. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. देवाच्या नावाने जमलेली ती माणसं डोळ्यांसमोर आली की मला आजही कापरं भरतं.

याच अहाबाचं नाव एका अश्शूरी शिळेवरही कोरलेलं आहे. इ.स.पू. 853मध्ये सीरियातल्या कर्करला अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याच्याशी लढाई झाली, तेव्हा अहाबाने 2,000 रथ आणि 10,000 पायदळ आणल्याची नोंद तिथे आहे. ही शिळा 1861 साली सापडली, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शास्त्रात या लढाईबद्दल एक अक्षर नाही. रथांची मोजणी नाही. आहे तो भाजीच्या वाफ्यांसाठी हवा असलेल्या मळ्यावर अख्खा अध्याय. आपल्याच राजाचा असा हिशोब लिहून ठेवणाऱ्या त्या अनामिक लेखकांपुढे मी हात जोडते. लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने बजावलंच होतं की तो तुमची उत्तम शेतं आणि द्राक्षमळे घेईल. ते या लेखकांनी विसरू दिलं नाही.

मळा ताब्यात घ्यायला अहाब खाली उतरतो तर समोर एलीया संदेष्टा. तू खूनही केलास आणि वतनही बळकावलंस काय? हातात शस्त्र नाही, मागे सैन्य नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, आजही मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) करून याच एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव घेतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. एकदा तिथे जायचंय मला.

एलीयाचं ऐकून अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला. या वेळचा उपास खरा होता, आणि परमेश्वराने तो मानला. मला हे जड जातं, पण लिहिलंय तसंच आहे.

मळा मात्र परत गेल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आज दुपारी दुसरं राजे उघडलं. नवव्या अध्यायात, बऱ्याच वर्षांनी, त्याच शेताजवळ अहाबाच्या मुलाला मारणारा येहू बोलताना एक उल्लेख येतो : नाबोथाचं आणि त्याच्या मुलांचं रक्त. मुलांचं! आजीने हे कधी वाचून दाखवलं नव्हतं. वतन मागायला घरात कुणी उरूच दिलं नव्हतं.