साठीनंतर गड चढताय ना, मग उतरायचं पण बघा

रविवारी पहाटे आतकरवाडीत जाऊन बघा, सिंहगडाच्या पायथ्याशी पांढऱ्या केसांची काही कमी नसते. मी पण त्यातलीच, वय ६७. गड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, पायवाटेनं पुणे दरवाज्यापर्यंत चांगलाच घाम निघतो. आणि वर पोचलं की सगळे एकमेकांना एकच विचारतात, किती वेळात आलात? उतरलात कसे हे कोणीच विचारत नाही!

माझं तर ठाम मत झालंय की आपल्या वयाला खरी परीक्षा उतरताना असते. चढताना दम लागतो, पण दोन मिनिटं थांबलं की बसतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाता ब्रेक मारत असतो, प्रत्येक पावलाला अख्ख्या शरीराचं वजन झेलतो, आणि तो थकला की सगळा भार गुडघ्यावर येतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात ना, त्या त्यामुळेच. पण हाच स्नायू खुर्चीतून उठायला लागतो, अडखळलो तर सावरायला लागतो, म्हणून तो कमवायचाच. जागतिक आरोग्य संघटना पण ६५ नंतर आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि शिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचं काहीतरी करा म्हणते, ते दुसरं आपण सोयीनं विसरतो.

तर उतरताना पावलं छोटी टाकायची, गुडघा जरासा वाकलेला, मुरमाच्या घसाऱ्यावर नुसती टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवायचा. काठी चढताना ठेवता त्यापेक्षा थोडी लांब करायची आणि आधी काठी मग पाय. गप्पा मारायच्या तर थांबून मारा, आमच्या ग्रुपमधल्या एक ताई, सत्तरी ओलांडलेल्या, बोलायचं असलं की चक्क दगडावर बसतात आणि मग बोलतात, मला ते फार आवडतं.

आणि ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतोय त्यांनी डॉक्टरांना विचारून चालत चढावं आणि खाली सरळ जीपनं यावं, बरेच जण नेमकं उलटं करतात, जीपनं वर जाऊन पिठलं भाकरी खाऊन चालत खाली. जीपनं उतरण्यात कसलाही कमीपणा नाही हो, पुढच्या रविवारी परत यायचंय ना?