आमची वाटचाल : करामती शिकवता शिकवता

श्वानांना करामती शिकवण्याचा आमचा व्यवसाय एका खोलीत आणि एका कुत्रीच्या भरवशावर सुरू झाला. ती कुत्री म्हणजे झिपरी. कोणत्याही ठरावीक जातीची नसलेली, मध्यम चणीची आणि डोळ्यांवर सतत केस येणारी ही कुत्री मी आणि माझ्या धाकट्या भावाने पिल्लू असल्यापासून वाढवली होती. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात आम्ही तिला पंजा देणे, गोल फिरणे, लोळणे, मेल्याचे सोंग घेणे आणि शेवटी जमिनीवर पसरलेली आपली खेळणी एकेक करून टोपलीत नेऊन टाकणे इतके सगळे शिकवले होते. घरी येणाऱ्या पाहुण्यांपुढे तिने हे करून दाखवले की "आमच्या कुत्र्याला शिकवाल का?" हा प्रश्न हमखास यायचा. तो इतक्यांदा आला की आधी भावाने आणि काही महिन्यांनी मीही नोकरी सोडली.

सुरुवातीची पद्धत सरळ होती. पालकांनी कुत्रा तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे ठेवायचा, आम्ही त्याला ठरलेल्या करामती शिकवायच्या आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रात्यक्षिक दाखवून तो परत द्यायचा. प्रात्यक्षिके छान होत, पालक भारावून जात आणि आमच्या कामाचा बोलबालाही झाला. मात्र पंधरा दिवस उलटले की फोन येऊ लागत, आणि जवळजवळ प्रत्येक फोनवर एकच तक्रार असे : घरी काहीच करत नाही.

त्यांपैकी एका लॅब्रेडॉरच्या पालकांचे बोलणे मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, "तुमच्याकडे करतो आणि माझ्याकडे करत नाही, म्हणजे तुम्ही काहीतरी हातचे राखून ठेवले आहे." आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो आणि कोपऱ्यात बसून नुसते पाहत राहिलो. गृहस्थ दारात उभे राहून म्हणत होते, "लोळ. अरे लोळ ना. लोळ म्हटलं ना तुला, बघ कसा बघतोय!" कुत्रा खरोखरच त्यांच्याकडे एकटक बघत होता. आमच्याकडे तो एका जाड सतरंजीवर लोळायला शिकला होता. शिकवणारा माणूस त्याच्यासमोर मांडी घालून बसलेला असे, शब्द एकदाच उच्चारला जाई आणि त्याबरोबर उजव्या हाताचे बोट हवेत लहानसे वर्तुळ काढी. यांपैकी त्या घरात काहीच नव्हते. फरशी गुळगुळीत होती, माणूस उभा होता, बोट स्थिर होते आणि शब्दाभोवती आणखी दहा शब्दांची गर्दी होती. कुत्र्याच्या दृष्टीने त्याला कोणी लोळायला सांगितलेच नव्हते.

माणूस एखादी गोष्ट एका ठिकाणी शिकला की दुसरीकडे ती सहज करतो. कुत्र्याला हे आपोआप जमत नाही. तो शब्द सुटा शिकत नाही, तर जागा, जमीन, माणसाची उभे राहण्याची ढब, हाताची हालचाल, कमरेची खाऊची पिशवी असे सगळे चित्रच शिकतो. चित्रातील एकेक गोष्ट बदलत, बदलल्यावर पुन्हा थोडे सोपे करत, वेगवेगळ्या खोल्यांत आणि वेगवेगळ्या माणसांबरोबर सराव झाला, तरच शेवटी शब्द किंवा खूण तेवढी उरते. हे तत्त्व आम्हाला वाचून ठाऊक होते, पण त्या घरात बसून पाहीपर्यंत आमचा सगळा व्यवसायच त्याच्या विरुद्ध उभा आहे, हे लक्षात आले नव्हते. आम्ही त्या गृहस्थांची फी परत केली आणि पुढचे चार रविवार त्यांच्याच घरी, त्यांच्याच हातून त्या कुत्र्याला पुन्हा लोळायला शिकवले.

त्यानंतर कुत्रा ठेवून घेणे आम्ही कायमचे बंद केले. भावाचा या निर्णयाला काही काळ विरोध होता आणि त्याचे म्हणणे चुकीचेही नव्हते, कारण उत्पन्नाचा मोठा भाग तिथूनच येत होता. पुढचे वर्षभर ओढाताण झाली. पण तेव्हापासून आमच्याकडे एका बॅचमध्ये सहा कुटुंबे आपापल्या कुत्र्यांसह येतात, आठवड्यातून एकदा तासभर, आणि कुत्र्याला शिकवण्याचे काम पहिल्या दिवसापासून घरची माणसेच करतात. आमचे लक्ष त्यांच्या हातांवर असते.

हातांवर असे म्हणतो त्याला कारण आहे. करामत शिकवण्याचा गाभा म्हणजे कुत्र्याने योग्य हालचाल केली त्याच क्षणी त्याला ते कळवणे. यासाठी आम्ही क्लिकर, म्हणजे दाबल्यावर "टक" असा आवाज करणारी छोटी डबी, वापरतो किंवा "हो!" असा एकच आखूड शब्द. आधी पंधरा-वीस वेळा नुसता आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. आवाज म्हणजे खाऊ येणार, हे कुत्र्याच्या मनात पक्के झाले की तो आवाज कॅमेऱ्याच्या बटणासारखा वापरता येतो. ही पद्धत नवी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या दांपत्याने १९४३ मध्ये अमेरिकेत प्राण्यांना शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि खुणेच्या आवाजाचा वापर प्रयोगशाळेबाहेर आणला; पाळीव कुत्र्यांच्या प्रशिक्षणात मात्र क्लिकर सर्रास दिसू लागला तो १९९० च्या दशकात. ब्रेलँड दांपत्याचे नाव आमच्याकडे बऱ्याचदा निघते, कारण प्राण्यांना शिकवून पोट भरणाऱ्या छोट्या उद्योगाचे ते आमच्या माहितीतले सर्वांत चांगले उदाहरण आहे.

तर हातांविषयी. एका बॅचमध्ये एक बाई आपल्या कुत्रीला जागच्या जागी गोल फिरायला शिकवत होत्या. खाऊ नाकासमोर धरून वर्तुळात फिरवला की कुत्री फिरायची. हात रिकामा असला की अर्ध्यावर थांबून बाईंच्या कमरेकडे पाहायची. बाईंची वेळ आम्हाला अचूक वाटत होती. मग भावाने मोबाइलवर ते संथ गतीने चित्रित केले आणि उत्तर मिळाले : दर वेळी क्लिकरचा आवाज होण्याच्या क्षणभर आधी बाईंचा डावा हात खाऊच्या पिशवीकडे निघत होता. कुत्रीला हातच आधी दिसत होता, त्यामुळे आवाज तिच्या लेखी निरुपयोगी झाला होता आणि हात निघेल तिथे काम संपले असे ती समजत होती. आम्ही बाईंना डावा हात पाठीमागे धरायला सांगितले. आधी आवाज, मग हात, मग खाऊ. दहा-बारा वेळा असे झाल्यावर कुत्रीने रिकाम्या हाताच्या खुणेवर पहिले पूर्ण वर्तुळ काढले. त्या दिवसापासून प्रत्येक पालकाचे दुसऱ्या आठवड्यात संथ चित्रीकरण करायचे, हा आमचा नियमच झाला. आपलाच हात असा आधी सुटतो, हे बहुतेकांना पडद्यावर पाहीपर्यंत पटत नाही.

खाऊ नाकासमोर धरून वळवण्याचा उपयोगही आम्ही फार थोडा वेळ करतो. तीन ते पाच वेळा खाऊ हातात, त्यानंतर तीच हालचाल रिकाम्या हाताने आणि खाऊ मात्र पिशवीतून. हा टप्पा लांबला की कुत्रा हातात खाऊ दिसेपर्यंत काम करत नाही आणि पालक म्हणू लागतात की आमचा कुत्रा लालची आहे. तो लालची नसतो. हातातला खाऊ हीच खूण असे आपण त्याला शिकवलेले असते. शब्द तर आम्ही सर्वांत शेवटी जोडतो. हालचाल दहापैकी आठ-नऊ वेळा नीट होऊ लागली की तिच्या आधी एकदाच, स्पष्ट शब्द उच्चारायचा.

काही करामती शिकवाव्याच लागत नाहीत, फक्त टिपाव्या लागतात. झोपेतून उठल्यावर कुत्रा पुढचे पाय लांब करून मागचा भाग उंच ठेवत आळस देतो. त्या क्षणी रोज खुणेचा आवाज केला तर आठवड्याभरात तो हीच मुद्रा प्रेक्षकांना वाकून अभिवादन केल्यासारखी देऊ लागतो. ज्यांना प्रशिक्षणासाठी वेळ नाही असे वाटते, त्यांना आम्ही आवर्जून इथूनच सुरुवात करायला सांगतो. सत्रही छोटे असावे. पाच मिनिटे पुरतात, आणि पाचव्या मिनिटाला कुत्र्याला अजून हवे असतानाच थांबावे.

याउलट खेळणी टोपलीत टाकण्याची करामत ही साखळी असते, आणि ती आम्ही शेवटाकडून शिकवतो. आधी टोपली कुत्र्याच्या तोंडाखाली ठेवून खेळणे त्यात सोडणे, मग एक पाऊल दुरून आणणे, मग जमिनीवरून उचलणे. असे केल्याने कुत्रा प्रत्येक वेळी अनोळखी टप्प्याकडून ओळखीच्या टप्प्याकडे जातो आणि शेवटाकडे जाताना त्याचा वेग वाढतो. झिपरीला हे शिकायला तीन आठवडे लागले होते, म्हणून सगळ्यांनाच तेवढे लागतील असे आम्ही धरून चाललो होतो. मग आमच्याकडे एक टेरियर आला. खेळणे तोंडात आले की तो ते टोपलीत सोडायच्या ऐवजी मान झटकत जोरजोराने हलवायचा, आणि सराव जितका वाढला तितके हे हलवणेही वाढले. त्याचे पालक खजील झाले होते. ब्रेलँड दांपत्याने १९६१ मध्ये नेमका हाच अनुभव लिहून ठेवला आहे : नाणी पेटीत टाकायला शिकवलेले रकून (अमेरिकेतला एक लहान सस्तन प्राणी) ती टाकायचे सोडून हातात घासत बसू लागले आणि डुकरे नाणी नाकाने उकरू लागली, म्हणजे भक्ष्याशी वागण्याची उपजत रीत शिकवलेल्या कामावर मात करू लागली. टेरियर ही उंदरांच्या शिकारीसाठी वाढवलेली जात. मऊ, केसाळ खेळणे हलवणे तिच्या रक्तात आहे. आम्ही मऊ खेळणी काढून घेतली आणि लाकडाचे गुळगुळीत ठोकळे दिले, तेव्हा झटकणे बरेच कमी झाले. शेवटी त्या कुटुंबाने झटकण्यालाच "हलव!" असा शब्द जोडला आणि टोपलीत ठोकळा टाकल्याचे बक्षीस म्हणून ते करू दिले. माझ्या मते आमच्या इतक्या वर्षांच्या कामातला हा सर्वांत देखणा तोडगा आहे, आणि तो आम्हाला नव्हे, त्या घरातल्या शाळकरी मुलाला सुचला.

एक चूक इथे स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण ती आमची होती. पहिल्या वर्षी एका डॅशहुंडला आम्ही मागच्या पायांवर ताठ बसून पुढचे पंजे उचलायला शिकवले. तो झटकन शिकला, पालकांना फार आवडले आणि ते दिवसातून अनेकदा त्याच्याकडून करवून घेऊ लागले. काही आठवड्यांनी पशुवैद्यांनी त्याची पाठ तपासून ते ताबडतोब थांबवायला सांगितले. लांब पाठीच्या या जातीत मणक्यांमधील चकत्यांचे दुखणे वारंवार आढळते, ही गोष्ट आम्ही आधी विचारात घ्यायला हवी होती. तो कुत्रा सुदैवाने बरा झाला. तेव्हापासून नोंदणीच्या वेळी जात, वय, वजन आणि जुनी दुखणी यांची माहिती घेतल्याशिवाय आम्ही करामतींची यादी ठरवत नाही. लांब पाठीच्या कुत्र्यांना मागच्या पायांवरचे काही देत नाही, आणि मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडे साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत वाढत असल्यामुळे तोवर त्यांना उंच उड्या मारू देत नाही. सराव चटईवर किंवा सतरंजीवरच होतो. खाऊ वाटाण्याएवढा असतो आणि दिवसभराच्या उष्मांकांच्या एक दशांशाहून जास्त होऊ देत नाही. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असलेला कोणताही पदार्थ खोलीच्या दारातच बाहेर ठेवायला सांगतो.

याच कारणाने आम्ही एक मोठे काम नाकारले. एका जाहिरातीसाठी कुत्र्याने मागच्या दोन पायांवर बराच वेळ चालत राहावे अशी मागणी होती आणि चित्रीकरण दिवसभर चालणार होते. त्या पैशांत आमचे सहा महिने निघाले असते. पण कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान फिरवू लागला की तो थांबा म्हणत असतो, आणि चित्रीकरणाच्या धावपळीत त्याचे ते म्हणणे ऐकले जाईल याची हमी कोणी द्यायला तयार नव्हते.

झिपरी आता बारा वर्षांची आहे आणि गेल्या वर्षभरापासून तिला ऐकू येत नाही. बॅचमध्ये ती अजूनही येते. "हो!" या शब्दाच्या जागी आम्ही तिच्यासाठी वर उचललेला अंगठा ठरवला; अंगठा दिसला की खाऊ, असे पंधरा-वीस वेळा केले आणि तिने ते पहिल्याच दिवशी धरले. गोल फिरणे, पंजा देणे या जुन्या करामतींना तिला शब्दाची गरजच पडली नाही, कारण हातांच्या खुणा ती पहिल्यापासून वाचत आली आहे. नवी करामत मात्र एकच घेतली आहे : समोर ठेवलेल्या दोन भांड्यांपैकी ज्याखाली खाऊ आहे त्याला नाकाने स्पर्श करायचा. उड्या नाहीत, लोळणे नाही, सगळे काम नाकाचे. मागच्या रविवारी तिने डाव्या भांड्याजवळ नाक नेले, थबकली, उजव्या भांड्याकडे गेली, पुन्हा डावीकडे आली आणि भांड्याला नाक लावून माझ्या अंगठ्याकडे पाहत उभी राहिली.