चोथा

आजोबांच्या उशाशी दोन थर्मास शेजारी शेजारी ठेवलेले होते. निळ्यात माशाचं सूप, स्टीलच्यात मटणाच्या हाडांचं. मी सकाळच्या राउंडला वॉर्डात शिरले तशा लेक आणि सून दोघीही उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, आता तुम्हीच सांगा, जास्त ताकद कशात असते?"

रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे, आणि त्यामागची माया मला कळते. सून रात्री हाडं मंद आचेवर ठेवून पहाटेपर्यंत अधूनमधून उठून बघत होती. लेक रोज ताजा समुद्री मासा आणून सूप करत होती. मी उत्तर देणार, तेवढ्यात सिस्टरने ड्रेसिंगसाठी आजोबांना कुशीवर वळवलं.

खुब्याच्या शस्त्रक्रियेला अठरा दिवस झाले होते. टाके भरून आले होते, पण माकडहाडावर झोपून झोपून व्रण पडला होता. कडा फिकट, तळाशी ओलसर पांढुरका थर. दंडाला हात लावला तर कातडी हाडावरून सैल सरकत होती. दाखल झाले तेव्हा वजन 58 किलो होतं, त्या सकाळी काटा 53 वर थांबला.

"दिवसभरात काय काय घेतात?" मी विचारलं.

"दोन कप माशाचं, दोन कप मटणाचं. आणि दोनदा चहा." लेक सांगत होती. "त्याच्यावर जातच नाही. पोट भरलं म्हणतात."

भरणारच. चार कप म्हणजे जवळजवळ एक लिटर द्रव. मी तिथेच वहीत हिशोब मांडला. घरी केलेल्या चांगल्या सूपच्या एका कपात, मासा असो वा मांस, साधारण पाच-सहा ग्रॅम प्रथिनं धरता येतात. पातळ असेल तर त्याहूनही कमी. चार कपांचे फार तर चोवीस ग्रॅम. असा व्रण असलेल्या माणसाला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आजोबांना रोज 66 ते 80 ग्रॅम. उष्मांक सोळाशेच्या वर हवेत. पोटात जात होते त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास.

त्या हिशोबाने माझे हात गार पडले. घरचं सूप येतंय, पेशंट घेतोय, म्हणून त्या पलंगापाशी मी आठवडाभर फारशी थांबलेच नव्हते. फाइल उलटी चाळत गेले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन दिवसांसाठी लिहिलेलं 'लिक्विड डाएट' पुढे कोणी बदललंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

दोघींचा प्रश्न मात्र तसाच होता. मी प्रत्येकीकडून अर्धा कप सूप मागून घेतलं आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी काढलं तेव्हा हाडांचं सूप खरवसासारखं थिजलेलं, चमचा रुतवला तर थरथरणारं. माशाचं किंचित दाटलेलं, पण ओघळणारं. सुनेचा चेहरा खुलला. लेक काही बोलली नाही, कप हातात धरून बसून राहिली.

मला ते बघवलं नाही. थिजणं म्हणजे ताकद नव्हे, हे मी दोघींना समोर बसवून सांगितलं. हाडं, कातडी, स्नायूबंध यांतलं कोलॅजन नावाचं प्रथिन शिजून जिलेटिन होतं आणि तेच गार झाल्यावर जमतं. जनावराचं कोलॅजन सुटायला कित्येक तास लागतात. माशाचं अर्ध्या-पाऊण तासात सुटतं, म्हणून मासा तेवढाच वेळ शिजवतात. शिवाय माशाच्या कोलॅजनची घडणच अशी, की त्याचं जिलेटिन कमी तापमानालाच वितळतं. थंड पाण्यातल्या माशांचं तर फ्रिजबाहेर काढलं की लगेच पातळ होतं. तेव्हा न थिजलेल्या सूपमध्येही प्रथिनं असतातच.

पण जी असतात, त्यांतली बरीचशी जिलेटिनच्या रूपात असतात, आणि प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये मुळीच नसतं. एकट्या जिलेटिनवर शरीर नवं मांस बांधू शकत नाही. पॅरिसमधल्या रुग्णालयांत एकेकाळी हाडांच्या जिलेटिनचं सूप रुग्णांना पोषण म्हणून दिलं जाई. माजँदी या शरीरशास्त्रज्ञाच्या समितीने 1841 मध्ये जो अहवाल दिला, त्यात केवळ जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे खंगत गेल्याची नोंद आहे. ही गोष्ट मी विद्यार्थिनी असताना वाचली होती, आणि त्या दुपारी ती आठवून मला अस्वस्थ वाटत राहिलं.

"आणि कॅल्शियम? हाडं एवढी उकळते मी," सुनेने विचारलं.

हाडातलं कॅल्शियम घट्ट स्फटिकांत बांधलेलं असतं. नुसत्या पाण्यात ते अगदी थोडं उतरतं, रात्रभर उकळलं तरी. कपभर दुधात अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम मिळतं, त्याच्या जवळपाससुद्धा हे सूप जात नाही. लोहाचंही तेच. मांसातलं लाल रंगद्रव्य तापल्यावर गोठतं. काही मांसातच राहतं, काही फेसात येतं आणि तो फेस आपण डावाने काढून टाकतो. समुद्री माशाच्या सूपमध्ये थोडं आयोडीन उतरतं, हा त्याचा खरा फायदा. तेलकट माशाचं डोकं घातलं असेल आणि वरचा तवंग काढला नसेल, तर थोडं ओमेगा-3 सुद्धा. मांसाच्या सूपमध्ये जिलेटिन जास्त. ब जीवनसत्त्वं, पोटॅशियम, चव आणणारे पदार्थ दोन्हींत उतरतात. सूपने भूक चाळवते हे खरं आहे. मांसाच्या अर्काने जठररस वाढतो हे पाव्हलॉव्ह या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. मी काही सूपच्या विरुद्ध नाही.

शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ हे सगळं ऐकत होते. त्यांना गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार. "म्हणजे मी मटण न खाता नुसतं सूप पितो ते बरंच आहे की." मला त्यांना थांबवावं लागलं. शरीरात ज्यांचं युरिक अ‍ॅसिड होतं ते प्युरिन पाण्यात विरघळतात, मांसातले बरेचसे उकळताना सूपमध्येच येतात. त्यांनी जे टाळायचं, तेच ते पीत होते. त्यांच्या फाइलवर मी तेव्हाच सूचना लिहिली. माशाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांचंही असंच आहे. अ‍ॅलर्जी आणणारं मुख्य प्रथिन उकळूनही टिकतं आणि पाण्यात उतरतं, त्यामुळे 'तुकडा नाही, फक्त सूप' ही सवलत त्यांना देता येत नाही.

मग मी जो प्रश्न सकाळीच विचारायला हवा होता, तो विचारला. "गाळल्यावर उरतं त्याचं काय करता?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "चोथा ना? टाकून देतो. सगळा कस सूपमध्ये उतरलेला असतो ना."

मी लेकीला म्हटलं, संध्याकाळचं सूप गाळू नका, भांडं तसंच घेऊन या. ती सहा वाजता आली. मी गाळणीत माशाचं मांस वेगळं केलं, काटे काढले, वजन केलं. 120 ग्रॅम. शिजलेल्या माशात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं राहतात, आणि तीही सगळी आवश्यक अमिनो आम्लं असलेली. म्हणजे त्या चोथ्यात जवळजवळ पंचवीस ग्रॅम. दिवसभराच्या चार कपांइतकी, एका बशीत.

लेक खुर्चीत बसली. "अठरा दिवस," एवढंच ती म्हणाली. सून तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी त्यांना सांगितलं की कागदावर 'लिक्विड' लिहिलेलं होतं, ते बदलणं आमचं काम होतं, तुमचं नव्हे. हे मला त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणायचंच होतं.

आजोबांची कवळी वजन घटल्यामुळे सैल झाली होती, म्हणून ते चावणं टाळत होते. हेही कोणी विचारलं नव्हतं. गिळायला त्रास नाही याची डॉक्टरांनी खात्री केली. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर देणंही धोक्याचं असतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येऊ शकतं. म्हणून आधी रक्त तपासायला पाठवलं, थायमिन हे ब जीवनसत्त्व सुरू करून घेतलं आणि चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं ठरवलं. पहिल्या रात्री फक्त साठ ग्रॅम मासा, त्याच्याच अर्धा कप सूपमध्ये मिक्सरमधून काढून, चमचाभर तेल घालून.

लेकीने पहिला चमचा पुढे केला. आजोबांनी तो तोंडात थोडा वेळ घोळवला, गिळला आणि तिच्या हातातून वाटी स्वतःकडे ओढून घेतली. हात थरथरत होता, पण वाटी त्यांनी सोडली नाही. मी फाइल उघडून 'लिक्विड' या शब्दावर रेघ मारली, शेजारी 'मऊ, प्रथिनयुक्त आहार' लिहिलं, वेळ टाकली, सही केली. मान वर केली तेव्हा सून सिस्टरला विचारत होती, मिक्सरमधून काढलेलं मटण सकाळी किती वाजता आणू.