कारंज्यामागचा गव्हर्नर

भर दुपारी हुतात्मा चौकात सिग्नलची वाट पाहत उभा असताना नजर फ्लोराकडे गेली आणि हे कारंजे मुळात सर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानासाठी घडवले होते, हे आठवले. १८६२ ते १८६७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. फोर्टचा तट त्यांच्याच कारकिर्दीत पाडला गेला. चर्चगेट नावाचा दरवाजा होता तिथे कारंजे उभे राहिले, नाव मात्र त्यावरच्या फ्लोरा या रोमन देवीचे चिकटले. डिमेलो मार्गाला फ्रियर रोड म्हणणारी माणसेही आता फारशी उरली नाहीत.

माझी त्यांची ओळख तिकिटांच्या वहीतून झाली. सुट्टीत मामा ‘सिंध डाक’ची गोष्ट सांगत. सिंधचे कमिशनर असताना फ्रियरसाहेबांनी १८५२ साली अर्ध्या आण्याची गोल तिकिटे काढली, ती आशियातली पहिली चिकटवायची तिकिटे. त्यांतली लाखेसारखी तांबडी तर हाताळतानाच तडकत. मामांच्या वहीत त्या तिकिटासाठी एक गोल जागा आखलेली होती, आणि ती कधीच भरणार नाही हे ठाऊक असूनही ते तिथे दुसरे काही लावू देत नसत.

साताऱ्याचे प्रकरण मात्र मामांनी कधी सांगितले नाही. १८४८ साली छत्रपती शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचे प्रतिनिधी, असलेल्या फ्रियरांनी हा दत्तक वैध असल्याचे मत दिले. कंपनीने ते बाजूला सारून राज्य खालसा केले आणि त्याच मुलखाचा कारभार पाहायला कमिशनर म्हणून नेमले ते फ्रियरांनाच. त्यांनी तो चोख पाहिला. विरोध नोंदवायचा आणि मग हुकूम पाळायचा, ही नोकरशाहीची सभ्यता आपल्याकडे अजून कौतुकाचा विषय आहे. मला तिचे कौतुक वाटत नाही.

त्याचे कारण दक्षिण आफ्रिकेत सापडते. १८७७ साली ते केपचे गव्हर्नर आणि हाय कमिशनर होऊन गेले, आणि लंडनला युद्ध नको असतानाही डिसेंबर १८७८ मध्ये झुलूंचा राजा सेत्श्वायो याला सैन्यव्यवस्था मोडण्याचे असे निर्वाणीचे फर्मान धाडले की ते मान्य होणे शक्यच नव्हते. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वानाला झुलूंनी इंग्रजांचा तळ कापून काढला, तेराशेहून अधिक माणसे पडली, आणि लंडनने फ्रियरांना खरमरीत शब्दांत दोष दिला. म्हणजे राजाच्या बाजूने मत होते तेव्हा वरिष्ठांचा शब्द प्रमाण मानला, आणि राजाविरुद्ध झाले तेव्हा वरिष्ठांच्या शब्दाची वाटही पाहिली नाही.

ते युद्ध शेवटी इंग्रजांनीच जिंकले. सेत्श्वायोला पकडून केपटाऊनला आणले. १८८० साली फ्रियरांना माघारी बोलावले गेले, तेव्हा राजा त्याच शहरात कैदेत होता.